रिकाम्या खोलीचे नऊ एमबी

१

धुळाआप्पांच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी, सावडण्याचा विधी आटोपून माणसे घरी परतली, तेव्हा त्या घरातून दोन गोष्टी नाहीशा झालेल्या होत्या. पहिली म्हणजे स्वतः धुळाआप्पा. त्यांच्याविषयी कोणाचा वाद नव्हता. दुसरी म्हणजे त्यांच्या खोलीत खुर्चीसमोरच्या भिंतीवर बसवलेल्या कॅमेऱ्यातील नखाएवढे कार्ड. आणि सगळा वाद त्याविषयीच होता.

विजापूर रोडवरील त्या घराच्या हॉलमध्ये सतरंजीवर नातलग बसले होते. आप्पांचा मुलगा बिभीषण, दोन टेंपोंचा मालक, मधोमध उभा राहून एक कागद वाचत होता. ते आप्पांचे मृत्युपत्र होते. मंगळवेढ्याच्या पुढचा चौदा एकरांचा माळ आप्पांनी एकट्या बिभीषणाला दिला होता. बुधवारी दुपारी तीन वाजता, दोन साक्षीदारांसमक्ष, डाव्या हाताचा अंगठा उठवून. त्याच बुधवारी साडेचारला आप्पा आपल्या खुर्चीत गेलेले आढळले.

त्या माळावर वीस वर्षे राहत आलेली, साठ मेंढरे सांभाळणारी आप्पांची थोरली लेक चिमाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"आक्का, ह्यात माझं काय न्हाय," बिभीषण म्हणाला आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला. "आप्पांची इच्छा. बघ, आप्पा बसल्यात. मी इचारतोय आन् ते मान हलवत्यात."

"मला दिसंना."

"नीट बघ की."

"हालतंय कायतरी," चिमाबाई म्हणाली.

"अस्सल व्हिडिओ कार्डात हुता. त्यात लख्ख दिसलं आसतं. बुधवारी रातच्याला कार्ड जाग्यावर हुतं, बेस्तरवारी सकाळी न्हाय. कुणाच्या डोळ्यात खुपत हुतं, ते मी सांगाय नको."

सगळ्यांनी चिमाबाईकडे पाहिले. कारण उघड होते: जे कार्ड मृत्युपत्र खरे ठरवणार, ते नाहीसे झाल्याने लाभ तिचाच.

"कार्ड म्हंजी कंचं?" तिने विचारले. "रेशनचं?"

कोणी हसले नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली, पण कोणालाच उद्देशून नव्हे. "सोमवारी तलाठ्याकडं यीन. हरकत न्हाय म्हनून लिहून दीन. आप्पानंच मला माळावरनं उठ म्हटलं आसंल, तर मी कोन?"

दाराशी बिभीषणाची मुलगी सृष्टी उभी होती. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या या मुलीची आई ती लहान असतानाच वारली होती. तिला वाढवले ते आप्पांनी आणि आत्याने. बुधवारपासून सृष्टीला काहीही वाटत नव्हते. रडू येत नव्हते, भूक लागत नव्हती. इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखे तिचे मन जागच्या जागी होते, पण तिचे नव्हते. तिच्या फोनमध्ये मात्र एक वस्तू होती, जी त्या घरात दुसऱ्या कोणाजवळ नव्हती.

२

"कार्ड गेलं, तर मग आणलंस काय?" शिवयोगींनी विचारले.

अशोक चौकाजवळच्या आपल्या बोळवजा दुकानात शिवयोगी कॅमेरे विकत, बसवत आणि त्यांविषयी गिऱ्हाइकांशी भांडत. साठी ओलांडलेला हा गृहस्थ मूळचा अक्कलकोटचा. गिऱ्हाइकाने 'साहेब, स्वस्तातलं द्या' म्हटले की ते अर्धा तास प्रतिवाद करत आणि मग स्वस्तातलेच देत. आप्पांच्या खोलीतला कॅमेरा त्यांनीच बसवलेला होता.

सृष्टीने फोन पुढे केला. बुधवारी संध्याकाळी, माणसे तिरडीची तयारी करत असताना, तिने कॅमेऱ्याचे ॲप उघडले होते. आप्पांचे किती तास शिल्लक आहेत हे तिला मोजायचे होते; कारण कार्ड भरले की नवे जुन्यावर चढते. व्हिडिओ उतरवून घ्यायला फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून तिने यादीचे नुसते स्क्रीनशॉट काढले. पाच दिवसांचे, छत्तीस. त्यांत चित्र एकही नव्हते. दर दहा मिनिटांची एक फाइल, तिची वेळ, आणि तिचा आकार.

"माझा एवढाच प्रश्न आहे, काका. सगळ्या फाइली दहाच मिनिटांच्या आहेत ना? मग एक चव्वेचाळीस एमबीची आणि एक नऊची, असं का?"

शिवयोगींनी चष्मा कपाळावर चढवला.

"तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही बघ. आता नीट ऐक. कॅमेरा प्रत्येक चित्र संपूर्ण लिहून ठेवत नाही. एक लिहितो, आणि पुढे फक्त काय बदललं तेवढं लिहितो. दर सेकंदाला तो जेवढा मजकूर लिहितो, त्याला बिटरेट म्हणायचं. हा दोन तऱ्हांनी ठेवता येतो. एक, ठरीव: काही घडो वा न घडो, खर्च तेवढाच. तसं केलं की सगळ्या फाइली सारख्या भरतात. पण खोलीत गर्दी झाली की तेवढ्याच मजकुरात सगळं बसवावं लागतं, मग चित्र फुटतं, तोंडाचे चौकोन होतात. दुसरा, बदलता: हालचाल झाली की जास्त लिही, नाही झाली की गप्प बस. चित्र स्वच्छ राहतं, फाइल मात्र लहानमोठी होते."

"आप्पांचा कुठला होता?"

"बदलता. तुझ्या वडिलांनी सगळ्यात लहान कार्ड घेतलं. ठरीव ठेवला असता तर चार दिवसांत भरलं असतं."

"आणि पप्पांनी घरच्या ग्रुपवर टाकलेली ती अंगठ्याची क्लिप?"

त्यांनी ती पाहिली. आप्पा म्हणून एक राखाडी ढीग, त्याच्यावर वाकलेला दुसरा ढीग. मग त्यांनी यादीत बुधवारची दोन पन्नासची ओळ शोधली.

"मूळ फाइल चौतीस एमबी. ही तीनची. पिळून पिळून पाठवलेली. तीन एमबीत होकारही मावतो आणि नकारही मावतो, बाळ. त्यातनं काही सिद्ध होत नाही. पण मला दुसरंच खटकतंय."

"काय?"

"ज्याच्याजवळ लख्ख फोटो आहे, तो पुसट फोटो का दाखवत फिरतो?"

बुधवारी दोन पंचवीसला, दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत, सृष्टीनेही कॉलेजातून, फोनवरच्या ॲपमधून, आप्पांना पाहिले होते. ते खुर्चीत बसले होते. हातात लोकर पिंजून काततात ती टकळी. ती निर्धास्त होऊन पुढच्या तासाला गेली होती. हे तिने शिवयोगींना सांगितले. त्यांनी यादी पुन्हा वरपासून वाचली आणि विचारले, "साक्षीदार कोण आहेत?"

३

साक्षीदार दोन होते. पहिला उदयसिंह, टेंभुर्णीचा, प्लॉटची कामे करणारा. मृत्युपत्राचा मसुदा त्याचाच. शनिवारी सकाळी त्याच्या कार्यालयात त्याने सृष्टीला चहा पाजला आणि शिवयोगींना खुर्ची दिली.

"मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. आजोबांनी मान हलवली."

"कुठे उभे होतात?" शिवयोगींनी विचारले.

"दारात."

"दारातनं खुर्चीची पाठ दिसते. म्हणून तर कॅमेरा मी समोरच्या भिंतीवर बसवलाय."

"पाठीमागनंही मान हललेली कळते की," उदयसिंह म्हणाला आणि त्याने चहाचे कप स्वतःच उचलले.

दुसरा साक्षीदार तिप्पण्णा, बिभीषणाच्या टेंपोचा ड्रायव्हर. तो मार्केट यार्डाबाहेर टेंपोच्या सावलीत भाकरी खात होता. सृष्टीला पाहून त्याने घास खाली ठेवला.

"यव्वा, तुमी हितं कशाला? मालकांनी पाठीवलं?"

"नाही, तिप्पण्णामामा. आप्पांना शेवटचं तुम्ही पाहिलंत. म्हणून आले."

त्याने भाकरी फडक्यात गुंडाळली. मग आपण होऊनच बोलू लागला. न विचारलेल्या प्रश्नाला माणूस अधिक खरे उत्तर देतो. "मालक दोनला जेवाय म्हनून घराकडं गेले. अडीचला मला फोन. उदयसिंहसायबांना घे, आन् येताना शाईचं पॅड आन म्हनले. मी सात रस्त्यावरच्या दुकानातनं घेतलं. पावनेतीनला आमी घरी."

"अंगठा कुणी धरला?" शिवयोगींनी विचारले.

"मालकांनी. मी पॅड धरलं." तिप्पण्णाने हात पँटीला पुसले; ते कोरडेच होते. "हात गार हुता आप्पांचा. मी म्हनलं, म्हाताऱ्या मानसाचा आसतोय. आसतोय की न्हाय, यव्वा?"

सृष्टीने मान हलवली. तो होकार होता की नकार, हे तिलाही ठाऊक नव्हते.

४

दुपारी शिवयोगी नवे कार्ड बसवण्याच्या निमित्ताने घरी आले. शिडीवर चढून त्यांनी कार्ड सरकवले आणि खाली उभ्या असलेल्या बिभीषणाशी, हवापाण्याविषयी बोलावे तसे, बोलू लागले.

"शेवटपर्यंत कातत होते म्हणे आप्पा."

"व्हय. आमी आलो तवाबी टकळी चालूच हुती. पोरगीनं फोनवर बघितलंया की."

"तुम्ही किती वाजता आलात?"

"पावनेतीनला. तिघं मिळून."

"मग मृत्युपत्रावर सही का नाही हो? आप्पांची सही मी ओळखतो. कॅमेऱ्याच्या पावतीवर त्यांनीच केली होती. अक्षर वाकडं, पण अक्षर."

बिभीषणाने शिडी घट्ट धरली. "हात थरथरत हुता. पेन धरवंना. मग ऐनवेळी म्हनलं, अंगठा घिऊ."

"असं," शिवयोगी म्हणाले आणि शिडीवरून उतरले.

फाटकापाशी सृष्टी त्यांच्याबरोबर आली. त्यांनी आवाज खाली आणला नाही. त्यांना तशी सवय नव्हती.

"दोन गोष्टी ऐकल्यास? लोकरीतनं सारखा धागा ओढणारा हात पेन धरू शकत नाही, हे मी मानत नाही. आणि अंगठा ऐनवेळी ठरला म्हणतात. शाईचं पॅड मात्र अडीचलाच मागवलं होतं. पावणेतीनला आलेल्या माणसाला अडीचलाच कसं कळलं, की आप्पा सही करणार नाहीत?"

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मला काहीच म्हणायचं नाही. यादी काय म्हणते ते बघू. ती खोटं बोलत नाही. तिला बोलताच येत नाही."

५

दुकानाच्या फळीवर त्यांनी कागद पसरला आणि बुधवारचे आकडे एकाखाली एक लिहिले.

एक ते एक चाळीस: चव्वेचाळीस, शेहेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस. एक चाळीसची फाइल: एकवीस. एक पन्नास: नऊ. दोन: नऊ. दोन दहा: अठरा. दोन वीस, तीस, चाळीस: नऊ, नऊ, नऊ. दोन पन्नास: चौतीस. तीनपासून पुढे नऊ, एकसारखे नऊ. साडेचार: अठ्ठावन्न.

"साडेचारला माणसं जमली, म्हणून अठ्ठावन्न. दोन पन्नासला अंगठ्याचा कार्यक्रम. इथवर तुझे वडील सांगतात तसंच आहे. आत्या किती वाजता निघाली होती?"

"एकला. आप्पांना जेवू घालून. मेंढरं होती, एसटी गाठायची होती."

"एकनंतर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, म्हणजे आप्पा कातताहेत. हात चालू, टकळी फिरतेय. एक चाळीसच्या फाइलीत तीन-चार मिनिटांची हालचाल, आणि मग संपली."

"झोपले असतील," सृष्टी लगेच म्हणाली. "ते दुपारी खुर्चीतच झोपायचे."

"शाब्बास. हाच आक्षेप मीही घेतला असता. म्हणून आदल्या दिवसांची झोप बघ. सोमवार, दोन ते तीन: तेरा, चौदा, तेरा. मंगळवार: तेरा, तेरा. त्याच खुर्चीत, तेच घोंगडं अंगावर. झोपलेला माणूसही श्वास घेतो; छाती वरखाली होते, कॅमेऱ्याला तेवढं लिहावं लागतं."

"मग नऊ?"

"रविवारी तुम्ही आप्पांना तपासणीला नेलं होतं ना? अकरापासून पाचपर्यंत खोलीत कोणी नव्हतं. ट्यूब चालू, खिडकी बंद, रोजच्यासारखीच. वाच."

सृष्टीने वाचले. नऊ. नऊ. नऊ. पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ.

"कॅमेरा अडकला असेल."

"अडकला असता तर दोन दहाला अठरा कुठून आले? कोणीतरी आत आलं, थोडा वेळ थांबलं आणि गेलं. अंगठ्याच्या वेळच्या तिघांपैकी दोघं तेव्हा दुसरीकडे होते. तिसरा दोनला जेवायला घरी आला होता." ते थांबले. वाद घालण्याचा त्यांचा उत्साह कुठेतरी सांडला होता. "पावणेदोनपासून साडेचारपर्यंत, मधली दोन वेळची येजा सोडली, तर कॅमेऱ्याच्या लेखी त्या खोलीत कोणी नव्हतं. अंगठ्याच्या आधीही नऊ आणि नंतरही नऊ. जिवंत माणसाला उठवून अंगठा घेतला असता, तर तो परत झोपला तरी तेरा हवे होते."

दुकानाबाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होते. सृष्टीने तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मी दोन पंचवीसला बघितलं होतं, काका."

"हो."

"टकळी हातात होती."

"हातातनं गळालेली, ती दोन दहाला कोणीतरी परत हातात ठेवली असणार. फोनवर हलकं चित्र येतं. त्यात माणूस बसलेला दिसतो, एवढंच दिसतं."

आपल्या मनात काही हलते का, हे तिने पाहिले. नव्हते हलत. तिने कागदाची घडी घातली. "पण काका, हे स्क्रीनशॉट मी केलेले. पप्पा म्हणतील, आकडे काहीही असतात."

"म्हणू देत. कॅमेरा तिथंच आहे, खुर्ची तिथंच आहे, कार्ड मी आज बसवलंय. रिकामी खोली दहा मिनिटं ठेव. मग तू दहा मिनिटं बस, न हलता. फरक किती येतो, ते त्यांनाच वाचायला सांग."

६

रविवारी सकाळी दहाला सृष्टीने आप्पांच्या खोलीचे दार ओढून घेतले आणि दहा मिनिटे बाहेर उभी राहिली. मग ती आत गेली, खुर्चीत बसली, घोंगडे छातीपर्यंत घेतले आणि टकळी हातात धरली. मान थोडी डावीकडे झुकवली. डोळे मिटले.

किती वेळ गेला, ते तिला कळले नाही. दार वाजले. पावले आत आली आणि थांबली.

बिभीषण उंबऱ्याच्या आत उभा होता. त्याने हाक मारली नाही. सृष्टीने डोळे उघडले नाहीत. शेवटी तिच्या फोनचा गजर वाजला, तेव्हा त्याने भिंतीला हात लावला.

"हितं का बसलीस?" त्याचा आवाज चिरका होता. "ऊठ. ऊठ म्हनतो ना!"

तिने ॲप उघडून फोन त्याच्या हातात दिला. "वाचा, पप्पा. दहाची रिकामी खोली. मग माझी."

त्याने वाचले. नऊ. त्याखाली सतरा.

"सतरा नाही यायला पाहिजे," सृष्टी म्हणाली. "मी एकटी असते तर तेरा आले असते. वरचे चार तुमचे. तुम्ही आत आलात आणि उभे राहिलात. बुधवारी दोन दहाला अठरा होते."

तिने कागद उलगडून त्याच्यापुढे ठेवला आणि शिवयोगींनी सांगितले होते तेवढे, त्याच क्रमाने, सांगितले. तिचा आवाज एकदाही वर गेला नाही. शाईच्या पॅडपाशी आल्यावर बिभीषण जमिनीवर बसला.

"मी मारलं न्हाय," तो म्हणाला.

"माहीत आहे. पावणेदोनला इथं कुणीच नव्हतं."

"जेवाय बोलवाय आलो. हात लावला तर…" तो थांबला. "आप्पा म्हनले हुते, सृष्टे. माळाच्या कागदावर सही मागितली तर मंगळवारी सोता म्हनले हुते, बघू उद्या. उद्या म्हंजी बुधवार. बारा वरीस मी सांभाळलं की न्हाय? न्हाऊ घातलं, दवाखाना केला. आक्का काय, आठ दिसानं यायची. मला वाटलं, एक दिसाचा तर फरक. अर्ध्या दिसाचा."

"'बघू' म्हणाले होते," सृष्टी म्हणाली. "कार्ड?"

"संभाजी तलावात टाकलं. मूळ व्हिडिओत लई साफ दिसत हुतं."

हॉलमधून चिमाबाईच्या बांगड्या वाजल्या. उद्याच्या तलाठ्याच्या कामासाठी ती आजच आली होती. दारात उभी राहून तिने किती ऐकले, ते कोणालाच समजले नव्हते.

"आप्पानं अंगठा दिला न्हाय?" तिने विचारले.

"नाही, आत्या."

"मला उठ म्हनला न्हाय?"

"नाही."

"मग गेला कवा त्यो?"

"पावणेदोनला."

चिमाबाईने हिशेब केला. तो चेहऱ्यावर दिसला. "मी एकला निगाले. नव्या पुलावर आसंन तवा." आणि मग: "कातत हुता?"

"हो. शेवटपर्यंत."

बिभीषण उठला, कपाटातून मृत्युपत्र आणले आणि बहिणीपुढे धरले. त्याला तिच्याकडे पाहता येत नव्हते. "फाड, आक्का. तुझ्या हातानं फाड. दोघं साक्षीदार काय बोलनार न्हाईत."

चिमाबाईने कागद घेतला. अक्षरांशी तिचे काही देणेघेणे नव्हते. खालच्या कोपऱ्यातील निळ्या अंगठ्यावर तिने आपला अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"कसा फाडू? मेल्यावरचा आसू दे, पर अंगठा आप्पाचाच हाय."

तिने पिशवीतून लोकर कातरायची कातर काढली. मेंढराच्या कातडीला धक्का न लावता लोकर उतरवावी, तसा तिने तो निळा ठसा कडेकडेने कापून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. मधोमध भोक पडलेला उरलेला कागद तिने भावाला परत दिला.

"हे तुझं," ती म्हणाली. बिभीषणाने त्याचे चार तुकडे केले.

मग ती खुर्चीजवळ जमिनीवर बसली, खुर्चीत नव्हे. रडली नाही, हलली नाही. सृष्टीने दार लोटून घेतले. दुपारी एसटीची वेळ झाली, तेव्हा आत्याला हाक मारण्याआधी तिने फोनवर यादी उघडली.

तेरा. तेरा. तेरा. चौदा. तेरा.

पाचव्या आकड्याशी ती अडली. बुधवारपासून पहिल्यांदाच तिला समोरचे दिसेनासे झाले, म्हणून तिने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले.